आयसीयूत पेशंटला पोटभर का देत नाहीत? आणि खाण्याबद्दलचे इतर प्रश्न

गेल्या महिन्यात लिहिलं होतं की आयसीयूतल्या पेशंटच्या खाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, तर इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नाही. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. पहिल्या आठवड्यात घरचे खाण्यावरून डॉक्टरांच्या हात धुवून मागे लागलेले असतात, आणि पेशंट एकदा वॉर्डात आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मग तो किती खातोय याकडे कुणी बघतच नाही. माझ्या मते हे अगदी उलटं व्हायला हवं, का ते पुढे येईलच. नावं काढून टाकलीत. उत्तरं सर्वसाधारण आहेत, तुमच्या पेशंटचं काय करायचं ते त्याला तपासणारी टीमच ठरवणार.

प्रश्न: ताई, बाबांना न्यूमोनिया होऊन सेप्सिस झालाय, व्हेंटिलेटरवर आहेत, बीपी वर ठेवायचं औषध पण चालू आहे. आज चौथा दिवस. नाकातल्या नळीतून तासाला फक्त २० मिली फीड जातंय, पंपावरचा आकडा मी स्वतः बघितला. विचारलं तर म्हणतात मुद्दाम कमी ठेवलंय. इन्फेक्शनशी लढायला ताकद नको का? उपाशी ठेवून प्रतिकारशक्ती कशी वाढणार?

उत्तर: आकडा बघितलात ते बरं केलंत, त्यावरच हिशोब करू. तासाला २० म्हणजे दिवसाला ४८० मिली, नेहमीच्या फीडमध्ये मिलीला साधारण एक कॅलरी असते म्हणजे ४८० कॅलरी झाल्या. बाबांचं वजन ६० किलो धरलं आणि किलोला २५ कॅलरी धरल्या तर पूर्ण टार्गेट १५०० होतं, म्हणजे त्यांना जेमतेम एक तृतीयांश मिळतंय. ऐकायला उपासमारच वाटते. पण आता शेजारच्या दुसऱ्या पंपावर दुधासारखं पांढरं औषध चालू आहे का बघा. असेल तर बहुतेक ते प्रोपोफॉल, झोपेचं औषध, आणि ते चरबीच्या इमल्शनमध्ये बनवलेलं असतं, मिलीला १.१ कॅलरी. तासाला १५ मिली जात असेल तर दिवसाच्या जवळपास ४०० कॅलरी तिथूनच गेल्या, आणि घरच्यांच्या हे गावीही नसतं. डायटिशियन हे सगळं धरूनच फीडचा रेट ठरवते, निदान ठरवायला हवा.

पण खरं कारण हे नाहीच. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनला शरीराची प्रतिक्रिया हाताबाहेर गेली की, कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन ही ताणाची हार्मोन्स, दाह भडकवणारे सायटोकाइन वगैरे सगळं एकदम उसळलेलं असतं, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला घेतं. अडचणीत माणूस घरातली भांडीकुंडी विकून दिवस काढतो तसं. त्या स्नायूंमधून निघालेल्या ॲमिनो ॲसिडपासून, म्हणजे प्रोटीनच्या घटकांपासून, यकृत साखर बनवतं, सीआरपीसारखी दाहात वाढणारी प्रोटीन बनवतं, प्रतिकारपेशींनाही त्यातूनच इंधन मिळतं. आणि गोम अशी की पहिले काही दिवस बाहेरून कितीही दिलं तरी ही आतली मोडतोड थांबत नाही. आतून साखर येतेय, वरून आपण भरपूर फीड ढकललं की ओव्हरफीडिंग होतं, शुगर चढते, यकृतात चरबी साठते, कार्बन डायऑक्साइड जास्त बनतो आणि तो बाहेर टाकायला फुप्फुसांवरच ताण.

हे नुसतं पुस्तकी नाही. बेल्जियममध्ये ४६४० पेशंटचा एपॅनिक नावाचा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. नळीतून जे कमी पडतं ते शिरेतून पहिल्या दोन दिवसांतच भरून काढायचं की आठव्या दिवसापर्यंत थांबायचं, असे दोन गट होते. थांबलेल्या गटात इन्फेक्शनं कमी झाली आणि लोक लवकर बरे झाले. बऱ्याच जणांना हे पचलंच नाही तेव्हा. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की पेशी त्यांच्यातला खराब झालेला माल स्वतःच मोडून साफ करत असतात, ऑटोफॅजी म्हणतात त्याला, आणि सुरुवातीलाच भरपूर खाणं आलं की ही साफसफाई मंदावते. मग २०२३ मध्ये फ्रान्समधला न्यूट्रिरिआ-३ आला, ३०४४ पेशंट, सगळे तुमच्या बाबांसारखे व्हेंटिलेटरवर आणि बीपीच्या औषधावर. एका गटाला पहिला आठवडा किलोला फक्त ६ कॅलरी, दुसऱ्याला २५. मृत्यूंमध्ये फरक नाही, उलट कमी दिलेले लोक आयसीयूतून बाहेर पडायला थोडे आधी तयार झाले, उलट्या-जुलाबही त्यांना कमी.

मग ते २० मिली तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. ते आतड्यासाठी. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो, आणि आतड्याला काहीच मिळालं नाही की ते अस्तर पातळ होत जातं, तिथे बनणारं आयजीए नावाचं संरक्षक अँटिबॉडी कमी होतं. थोडं फीड जात राहिलं की अस्तर टिकायला मदत होते. म्हणून युरोपातल्या एस्पेन संस्थेच्या गाइडलाइनमध्ये ४८ तासांच्या आत नळीतून सुरू करा असं आहे, पण हळूहळू वाढवत, पहिल्या काही दिवसांत गरजेच्या ७० टक्क्यांच्या वर न जाता. आणि बीपीचं औषध जास्त डोसला असताना आतड्याला रक्त आधीच कमी जात असतं, त्यात जास्त फीड टाकलं तर क्वचित आतड्याला इजाही होते, तेव्हा बीपी सावरेपर्यंत २० वर थांबणं अगदी बरोबर.

डॉक्टरांना एवढंच विचारा, टार्गेट किती ठरवलंय आणि ते कुठल्या दिवशी गाठायचा विचार आहे. याला ठाम उत्तर मिळालं तर निश्चिंत राहा. दहाव्या दिवशीही २० च असेल आणि कुणाला का ते सांगता येत नसेल, तर मात्र आवाज चढवायला हरकत नाही.

प्रश्न: आई आयसीयूत आहे, किडनीवर पण परिणाम झालाय. एका नातेवाइकाने ग्लुटामाइन आणि ओमेगा-३ वाली इम्युनिटी पावडर आणून दिली, शिवाय व्हिटॅमिन सी चे हाय डोस इंजेक्शन द्या म्हणतो. डॉक्टर दोन्हीला नाही म्हणतात. नुकसान तर काही नाही ना? मग द्यायला काय हरकत?

उत्तर: नुकसान आहे, म्हणूनच नाही म्हणतात. तुमचा तर्क एके काळी मोठमोठ्या संशोधकांचाही होता बरं का. गंभीर आजारात रक्तातलं ग्लुटामाइन घटतं, ग्लुटामाइन हे ॲमिनो ॲसिड म्हणजे लिंफोसाइट या प्रतिकारपेशींचं आवडतं इंधन, मग ते भरून काढलं की प्रतिकारशक्ती सुधारेल, किती सरळ वाटतं. म्हणून रेडॉक्स नावाचा अभ्यास केला, अनेक अवयव निकामी झालेले १२२३ पेशंट, २०१३ मध्ये निकाल आला, आणि ग्लुटामाइन दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले, सहा महिन्यांपर्यंत तो फरक दिसत राहिला. तुमच्या आईसारखी किडनी दुखावलेली असेल तर धोका आणखी. पुढच्याच वर्षी मेटाप्लस, त्यात ग्लुटामाइन, ओमेगा-३, सेलेनियम, अँटिऑक्सिडंट असं सगळं घातलेलं इम्युनिटीवालं फीड, ३०१ पेशंट. इन्फेक्शन तर कमी झालंच नाही, आणि ऑपरेशन न झालेल्या, मेडिकल पेशंटमध्ये सहा महिन्यांनी मृत्यू जास्त. व्हिटॅमिन सी चा लोव्हिट अभ्यास २०२२ चा, सेप्सिसचे ८७२ पेशंट, मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण व्हिटॅमिन दिलेल्यांत ४४.५ टक्के आणि न दिलेल्यांत ३८.५. म्हणजे उलटंच.

असं का होत असेल? एक म्हणजे रक्तात एखादी गोष्ट कमी दिसली म्हणजे तिचा तुटवडाच आहे असं नाही, कधी कधी शरीराने ती मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते. दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, इतक्या आजारी माणसाची प्रतिकारशक्ती 'कमी' झालेली नसते, ती बिघडलेली असते. एका बाजूने दाह इतका भडकलेला की स्वतःच्याच अवयवांना इजा होतेय, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने पांढऱ्या पेशी दमून सुस्त पडलेल्या, नव्या जंतूंना ओळखतही नाहीत. अशात 'बूस्ट' कशाला करणार, कुठली बाजू? पावडरच्या डब्यावर याचं उत्तर नसतं.

प्रोबायोटिकचं, म्हणजे चांगल्या जंतूंच्या पावडरीचं, पण बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगून टाकते. प्रॉस्पेक्ट अभ्यासात २६५० व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना लॅक्टोबॅसिलस किंवा नुसती दिसायला तशीच पावडर दिली, व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया दोन्हीकडे सारखाच, २१-२२ टक्के. आणि थोड्या जणांमध्ये तोच लॅक्टोबॅसिलस रक्तात किंवा इतर निर्जंतुक जागी सापडला. त्यामुळे घरून आणून गुपचूप नळीत टाकू नका. हे लोक करतात, म्हणून सांगतेय.

याचा अर्थ असे घटक सगळीकडेच निरुपयोगी असा नाही. पोटाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन ठरलंय, पेशंट कुपोषित आहे, तर ऑपरेशनच्या आधी-नंतर काही दिवस आर्जिनिन, ओमेगा-३ आणि न्यूक्लिओटाइड असलेलं फीड द्यायला गाइडलाइनमध्ये मान्यता आहे, त्याने जखमेची इन्फेक्शनं कमी होतात. पण तो माणूस घरी चालता-फिरता असतो. आणि खरा तुटवडा असेल, उदाहरणार्थ थायमिनचा (व्हिटॅमिन बी-१), तर तो भरायचाच, त्यात वादच नाही.

प्रश्न: सासऱ्यांच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.१ आलंय. म्हणजे प्रोटीन खूपच कमी आहे ना? डबल प्रोटीन पावडर सुरू करायला सांगू का?

उत्तर: नका सांगू. अल्ब्युमिन हे यकृताने बनवलेलं रक्तातलं प्रोटीन, आणि त्यावरून पोषण मोजायची सवय इतकी मुरलेली आहे की जुने डॉक्टर पण पटकन तेच बोलून जातात. दाह सुरू झाला की यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करून सीआरपीसारखी प्रोटीन बनवायच्या कामाला लागतं, शिवाय रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि अल्ब्युमिन बाहेर झिरपतं. निरोगी माणसात अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, साधारण २० दिवसांचं, तरी आयसीयूत ते दोन-तीन दिवसांत कोसळतं, यावरूनच समजा की हा खाण्याचा प्रश्न नाही. सासऱ्यांचा सीआरपी उतरायला लागला की अल्ब्युमिन आपोआप हळूहळू वर येईल. पेशंट किती आजारी आहे ते या आकड्यावरून कळतं, किती उपाशी आहे ते नाही.

आणि डबल प्रोटीनचं म्हणाल तर तेही करून बघितलंय. २०२३ चा एफर्ट प्रोटीन अभ्यास, १३०१ पेशंट, एका गटाला किलोला २.२ ग्रॅम किंवा जास्त आणि दुसऱ्याला १.२ किंवा कमी. फायदा शून्य, आणि किडनी दुखावलेल्यांत जास्त प्रोटीनने नुकसान होत असावं असं दिसलं. हळूहळू वाढवत किलोला १.३ ग्रॅमपर्यंत, एवढं पुष्कळ आहे या टप्प्यात.

प्रश्न: नळीतून देण्यापेक्षा सरळ सलाईनमधून सगळं जेवण देता येतं म्हणे, ते जास्त ताकदीचं असतं का?

उत्तर: ताकदीचं वगैरे काही नाही. टीपीएन म्हणतात त्याला, साखर, ॲमिनो ॲसिड, चरबी, क्षार, व्हिटॅमिन सगळं एका पिशवीत, मोठ्या शिरेतून. ज्यांचं आतडं चालतच नाही त्यांच्यासाठी ते वरदान आहे. आतडं चालत असेल तर आतडंच वापरायचं हा साधा नियम. पूर्वी टीपीएनने इन्फेक्शनं फार होतात असं मानत, पण ते बरंचसं गरजेपेक्षा जास्त कॅलरी दिल्यामुळे होतं असं आता वाटतं, कारण २०१४ च्या कॅलरीज नावाच्या अभ्यासात २४०० पेशंटमध्ये दोन्ही मार्गांनी सारखंच दिलं तर इन्फेक्शनमध्येही फरक नव्हता आणि मृत्यूंमध्येही नाही. तेव्हा तुमच्या पेशंटला टीपीएन लागलंच तर घाबरू नका, पण लागत नसताना मागूही नका.

प्रश्न: बायकोला डायबेटिस नाही, कधीच नव्हता. तरी आयसीयूत इन्सुलिन चालू केलंय. फीडमुळे झालं का? बंद करायला सांगू?

उत्तर: ही आजाराच्या ताणाने चढलेली शुगर आहे, बहुतेकांची आजार उतरला की उतरते, पण नंतर एकदा तपासून घ्या. शुगर फार चढलेली राहिली की पांढऱ्या पेशी जंतू गिळायचं काम नीट करत नाहीत, म्हणून इन्सुलिन. फक्त ती अगदी नॉर्मलला आणायचा हट्टही धरायचा नाही. २००९ च्या नाइस-शुगर अभ्यासात सहा हजारांवर पेशंट होते, शुगर ८१ ते १०८ मध्ये घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. १८० च्या खाली ठेवली की पुरे. त्यामुळे १६० बघून नर्सच्या मागे लागू नका.

प्रश्न: काका घरी दोन-तीन आठवडे जवळजवळ काहीच खात नव्हते, मग ॲडमिट केलं. फीड सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी फॉस्फेट खूप कमी आलं म्हणून फीड अजून कमी केलं! आधीच हाडांचा सापळा झालाय माणसाचा.

उत्तर: याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि तुमच्या टीमने ते वेळेत पकडलं याचं मला कौतुक वाटतं, कारण फॉस्फेट रोज तपासलं जातंच असं नाही. बरेच दिवस उपाशी शरीराला अचानक साखर मिळाली की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींच्या आत खेचलं जातं. रक्तात ते फार घसरलं की हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू दमतात, आणि पांढऱ्या पेशींनाही उर्जेसाठी फॉस्फेट लागतंच. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर जेवण मिळाल्यावर काही जण दगावले, तेव्हा हे डॉक्टरांच्या नीट लक्षात आलं. दोन-तीन दिवस फीड कमी, क्षार भरायचे, थायमिन द्यायचं, मग वाढवायचं. चार दिवसांनी काकांचं फीड वाढलेलं दिसेल.

प्रश्न: नवरा तीन आठवडे आयसीयूत होता, आता वॉर्डात आलाय, देवाची कृपा. नळी काढली. पण दोन-चार घास खाऊन ताट बाजूला सारतो, मांड्या अगदी काडीसारख्या झाल्यात. डॉक्टर म्हणाले आता सगळं खाऊ द्या. परत इन्फेक्शन होईल अशी भीती वाटते. काय देऊ?

उत्तर: हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, आणि सुरुवातीला म्हटलं ते याच्यासाठीच. भांडायची वेळ आत्ता आहे. लंडनमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेले, तर दहाव्या दिवसापर्यंत त्याचा आकार सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता. तुमच्या नवऱ्याचे तीन आठवडे गेलेत. आता दाह उतरलाय, म्हणजे जे दिलं ते शरीर बांधायला वापरू शकतं, पहिल्या आठवड्यात ते वापरू शकत नव्हतं, आणि नेमकं याच वेळी खाण्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. आयसीयूत निदान पंप तरी मोजत होता, इथे ताट किती परत गेलं ते कोण मोजतं?

स्वित्झर्लंडमध्ये आठ हॉस्पिटलांच्या वॉर्डांत, आयसीयूत नाही, साध्या वॉर्डांत, कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांवर पेशंटचा अभ्यास झाला, २०१९ चा. एका गटाला नेहमीचं हॉस्पिटलचं जेवण, दुसऱ्याच्या प्रत्येक पेशंटसाठी डायटिशियनने टार्गेट ठरवून ते गाठायच्या मागे लागायचं. महिन्याभरात मृत्यू पहिल्या गटात १० टक्के, दुसऱ्यात ७. यात कुठलीही जादूची पावडर नव्हती हो. जेवणात वरून प्रोटीन घालणं, मधल्या वेळचं खाणं, पिण्याचे सप्लिमेंट, आणि कमी पडलं तर नळी. आयसीयूतल्या महागड्या इम्युनिटी फीडना जे जमलं नाही ते यांना जमलं.

त्यामुळे आजच डायटिशियनला बोलवून घ्या आणि कॅलरी, प्रोटीनचा रोजचा आकडा लिहून मागा. दोन दिवस एका वहीत लिहा, किती वाजता काय आणि खरंच किती पोटात गेलं, अर्धा वाडगा तर अर्धा वाडगा. निम्म्याच्या आसपासच जात असेल तर रात्रीपुरती नळी परत घालायचा विषय तुम्ही काढा. कुणाला आवडत नाही नळी परत घालायला, नवरा तर चिडणारच, पण नळी काढण्याची घाई ही मला या सगळ्यातली सर्वात मोठी चूक वाटते. मोठ्या ताटापेक्षा दर दोन-अडीच तासांनी थोडं द्या, आणि प्रत्येक वेळी आधी प्रोटीनचा घास, पातळ सूपने पोट भरवू नका. तपासणीसाठी उपाशी ठेवलं आणि तपासणी पुढे ढकलली गेली तर लगेच जेवण मागून घ्या, वॉर्डात असे किती जेवणं बुडतात याला गणती नाही. फिजिओथेरपी झाल्यावर प्रोटीन दिलेलं चांगलं, नुसतं खाऊन स्नायू येत नाही, हलवावं लागतं.

आणि हो, हे आधी करा. तो ताट का सारतोय ते बघा. बरेच दिवस घशात व्हेंटिलेटरची नळी असली की गिळायचे स्नायू दुबळे होतात, घास चुकून श्वासनळीत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो, तुमची इन्फेक्शनची भीती खरी ठरायची ती बहुतेक इथूनच. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला, घोगरा होतो का, एक घास तोंडात बराच वेळ घोळवतो का? यातलं एक जरी दिसलं तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला बोलवायला सांगा. यातलं काही दिसत नसलं तरी जे काही द्यायचं ते पलंग वर करून, सरळ बसवून, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका.